स्पेनमधल्या कोर्दोबाचा रोमन पूल बघायला जाताय? मग आधी कमानी मोजा

बहुतेकजण पुलावरून चालत जातात, फोटो काढतात आणि परततात. पण वरची फरशी २००६ ते २००८च्या दुरुस्तीतली, तिथं रोमन काहीच नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात जशी छतासाठी मान वर करावी लागते, तसं इथं काठावर उतरून खाली बघावं लागतं. एकूण १६ कमानी. शहराच्या बाजूच्या 'पुएर्ता देल पुएन्ते' दरवाज्यापासून मोजायला लागा. मूळच्या रोमन मानतात त्या फक्त १४वी आणि १५वी. बाकी पूल ८व्या शतकातल्या मुस्लिम राजवटीपासून पुन्हापुन्हा बांधला गेलाय. मोजणी उलट्या टोकाकडून केली की दुसऱ्याच कमानींसमोर उभे राहाल. ही चूक फार होते. पलीकडचा कालाओर्रा बुरूजही सोडू नका.

माद्रिदहून वेगवान रेल्वेनं पावणेदोन तासांत पोहोचता येतं. जुलै-ऑगस्ट मात्र टाळाच. बेळगावच्या हवेत वाढलेल्यांना तिथलं ४० अंशांपुढचं दुपारचं ऊन झेपत नाही, आणि पुलावर सावलीचं नाव नाही. जावंच लागलं तर संध्याकाळी साडेआठनंतर निघा. जुलैत सूर्य साडेनऊनंतर मावळतो. तिरप्या उजेडात दगडांचे सांधे स्पष्ट दिसतात.