मकराचा जबडा कोणाचा?

प्रश्न : सुट्टीत सिन्नरचं गोंदेश्वर पाहायला गेलो होतो. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर सोडणारं मकरमुख पाहून आमच्या सहावीतल्या लेकीने विचारलं, "आई, हा सस्तन की सरपटणारा?" सोंड हत्तीची, जबडा मगरीचा आणि चित्रांत तर शेपूट माशाची! मग गरुड, गंडभेरुंड, जटायू अशी तिची यादीच सुरू झाली. 'हे सगळं काल्पनिक असतं' म्हणून विषय संपवायला मन होईना. तिला काय सांगू?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : विषय संपवला नाहीत, फार बरं केलंत. एकतीस वर्षं मी प्राणिशास्त्र शिकवलं, पण वर्गीकरणाच्या तासाला इतका नेमका प्रश्न मला क्वचितच मिळाला.

तिला आधी लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. १७३५ साली त्याने सजीवांची पद्धतशीर मांडणी छापली, तेव्हा फिनिक्स, ड्रॅगन, एकशिंगी घोडा यांच्यासाठी त्यात एक वेगळा रकाना होता. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये त्याला सात तोंडांचा 'हायड्रा' पाहायला मिळाला. त्याची किंमतही भारी सांगितली जात होती. लिनियसने दात आणि पंजे नीट पाहिले. ते वीझल नावाच्या छोट्या शिकारी प्राण्याचे निघाले, वरून सापाची कातडी चिकटवलेली! पुढे १७५८च्या आवृत्तीत तो रकानाच उरला नाही.

म्हणजे वरचं रूप बाजूला ठेवायचं आणि हाड पाहायचं. हे तुम्हाला घरीही करता येईल. तुमच्याकडे मटण होत असेल तर पुढच्या वेळी बोकडाचा खालचा जबडा अख्खा मागून घ्या, उकळून साफ करा आणि लेकीच्या हातात द्या. त्याच्या एका बाजूवरून बोट फिरव म्हणावं. हनुवटीपासून कानाजवळच्या सांध्यापर्यंत एकच सलग हाड लागेल. हत्तीचं तसंच, वटवाघळाचं तसंच, तिचं स्वतःचंही तसंच. मगरीच्या जबड्याची तीच बाजू अनेक हाडं जुळून बनलेली असते. आपल्या फार जुन्या पूर्वजांच्या जबड्यातही ती जास्तीची हाडं होती. त्यांतली काही आक्रसत आक्रसत कानात गेली. तिने हा प्रश्न विचारला तेव्हा तुम्हाला तो ऐकू आला, त्यात त्या हाडांचाही वाटा आहे. हे शिकवताना माझ्या अंगावर दरवेळी काटा यायचा.

आता मकर. सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ एकत्र वाढलेले. तिच्यासाठी हत्तीच्या कवटीत नाकाचं भोक पार वर, कपाळाकडे सरकलेलं असतं. मगरीच्या नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाला. एकाच कवटीत दोन्ही कसं बसणार? हत्तीची आणि मगरीची शाखा एकमेकींपासून तीस कोटी वर्षांहूनही आधी वेगळ्या झाल्या. फांद्या इतक्या लांब गेल्यावर एकीचं पान दुसरीला फुटत नाही. म्हणून मकराला सजीवांच्या वंशवृक्षावर जागा नाही. भाषेने मात्र आपला कौल कधीच देऊन ठेवलाय : आपला 'मगर' हा शब्द 'मकर'वरूनच आला.

लेक हुशार आहे, ती बदकासारख्या चोचीचा ऑस्ट्रेलियातला प्राणी, प्लॅटिपस, काढेलच. काढू द्या. १७९९मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज अभ्यासकाने त्याचं वर्णन छापलं, तेव्हा त्यालाही कोणीतरी बदकाची चोच शिवून लावली असावी अशी शंका आली होती. पण ती चोच मऊ कातडीची असते आणि पाण्यातल्या भक्ष्याची सूक्ष्म वीज तिला कळते. बदकाशी तिचा संबंध नाही. प्लॅटिपस अंडी घालतो खरा, पण अंगावर केस आहेत, पिल्लांना दूध मिळतं आणि खालचा जबडा बोकडासारखाच. सस्तनच तो! त्याची चोच त्याच्या स्वतःच्या घराण्यात घडली, मकराची सोंड शिल्पकाराने दुसऱ्या घरातून आणली.

गरुडाचं थोडक्यात. पक्ष्याचा पंख म्हणजेच त्याचा हात. मूर्तीतल्या गरुडाला दोन हात, दोन पाय आणि वर दोन पंख, म्हणजे सहा अवयव झाले. पाठीचा कणा असलेल्यांत सहा अवयवांचं घराणंच नाही. गंडभेरुंडाची दोन डोकी मात्र अशक्य नाहीत. दोन डोक्यांची वासरं, साप अधूनमधून जन्मतात. पण तो त्या एका जिवाचा जन्मदोष झाला, त्यावरून वेगळी जात ठरत नाही.

जटायूचा पत्ता मात्र मी लिहून देऊ शकते. रामायणात तो गृध्रराज, म्हणजे गिधाड. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला तो पडला असं आपल्याकडे मानतात. आणि त्याचे जातभाई, लांब चोचीची गिधाडं, शास्त्रीय नाव जिप्स इंडिकस, आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे देशभर ही गिधाडं भराभर मेली. मेलेलं जनावर खाल्लं की ते औषध त्यांच्या मूत्रपिंडांवर घाला घालायचं. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. तरी ही जात अजून अतिसंकटग्रस्त आहे.

डिसेंबर-जानेवारीत लेकीला सकाळी अंजनेरीला घेऊन जा. दुर्बीण घ्या, कड्याच्या जवळ जाऊ नका. काळ्या कातळावर विष्ठेचे पांढरे ओघळ शोधायला सांगा. त्या ओघळांच्या वरच्या कपारीत बहुधा कोणीतरी बसलेलं असतं.