शेततळ्यातल्या माशांना कल्ल्याचा रोग झालाय, सॅल्मनला देतात तसं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकू का?

नका टाकू. तुम्ही लिहिलंय की कटला दिवसभर वर येऊन तोंड उघडझाप करायलेत, कल्ल्यावर पांढरा चिकटा दिसतोय आणि सॅल्मनचा व्हिडिओ बघून तुम्ही पेरॉक्साइडचा कॅन घेऊन आलाव. तो कॅन बंदच राहू द्या.

त्या व्हिडिओतला रोग समुद्रातला आहे. अमिबिक गिल डिसीज म्हणतात त्याला, निओपॅरामिबा पेरुरान्स नावाच्या अमिबानं होतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर 1980च्या दशकात समुद्रातल्या पिंजऱ्यात सॅल्मन पाळायला लागले तेव्हापासून तिथं तो आहे, नॉर्वेत 2006ला दिसला. अमिबा कल्ल्याला चिकटला की मासा चिकटा सोडतो, कल्ल्याच्या बारीक पाकळ्या सुजून एकमेकींना चिकटतात आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही माशाला तो घेता येत नाही. टास्मानियावाले मग मासे दोन-तीन तास गोड्या पाण्यात ठेवतात, वरून ऑक्सिजन सोडत. सॅल्मन मुळात नदीत जन्मणारा मासा, त्याला गोडं पाणी सोसतं, अमिबाला सोसत नाही. तरी रोग मुळापासून जात नाही, काही आठवड्यांनी परत तीच आंघोळ. पेरॉक्साइड नॉर्वे-स्कॉटलंडकडं वापरतात, पण तिथलं पाणी गार. पाणी जितकं गरम तितकं ते औषध माशालाच जास्त बाधतं, अन् आपल्याकडं उन्हाळ्यात तळ्याचं पाणी किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या गोड्या पाण्यात तो अमिबा नाहीच. आपल्या कटला-रोहूच्या कल्ल्यावर बऱ्याचदा डॅक्टिलोगायरस निघतो, आकडे रुतवून बसणारा बारीक किडा, डोळ्याला दिसत नाही. ह्याला उलटं मीठ लागतं. पण पांढरे गोल दाणे दिसत असतील तर तो मिक्सोस्पोरियन नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो, त्याच्यावर मीठही चालत नाही आणि खात्रीचं औषधही नाही. म्हणून आधी तपासा. दोन-तीन आजारी मासे जिवंत, तळ्याच्याच पाण्यात घेऊन जवळच्या कॉलेजच्या प्राणीशास्त्र विभागात जा, कल्ल्याचा तुकडा मायक्रोस्कोपखाली पाच मिनिटात कळतो. मेलेला मासा नेऊ नका, मासा मेला की किडे सुटून जातात. लातूरकडचे असाल तर उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहेच.

हे एवढं जीव तोडून सांगतोय कारण मी तपासलं नव्हतं. एकानं सांगितलं मोरचूद टाक, द्राक्षासाठी आणलेलं घरात होतंच, टाकलं. किडे मेले का नाही माहीत नाही, पण शेवाळ सगळं मेलं, ते सडून रात्रीतून ऑक्सिजन संपला आणि सकाळी तळ्याच्या कडंनं पांढरी पोटं तरंगत होती. दोन वर्षं वाढवलेले मासे होते. आई त्या दिवशी जेवली नाही.

किडाच निघाला तर आंघोळ द्या, तळ्यात मीठ ओतू नका. दोन टक्के म्हटलं तरी लाख लिटरला दोन टन मीठ लागतं, आणि ते पाणी ठिबकनं मोसंबीला जाणार, बाग हातची जाईल. ड्रममध्ये तळ्याचंच 100 लिटर पाणी घ्या, त्यात 2 ते 3 किलो जाड मीठ पूर्ण विरघळवा, थोडे थोडे मासे जाळीत धरून दोन ते पाच मिनिटं बुडवा. बाजूला उभं राहून बघत राहायचं, मासा आडवा पडायला लागला की घड्याळ न बघता लगेच बाहेर काढायचा. आदल्या दिवशी पेंड-कोंडा बंद. पहाटे करू नका, तेव्हा तळ्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, आठ-नऊ वाजता करा. उरलेलं खारं पाणी ना तळ्यात, ना झाडाच्या बुडाला.

किड्याची अंडी मात्र मिठानं मरत नाहीत, उन्हाळ्यात काही दिवसातच फुटतात, म्हणून आठवड्यानं परत एक आंघोळ द्यावी लागते, बरेच जण इथंच चुकतात. आणि मासे दाट झाले असतील तर मोठे आधी काढून विका, गर्दीत हा किडा झपाट्यानं पसरतो.

आणखी एक, सगळेच मासे फक्त पहाटे वर येत असतील आणि ऊन पडलं की खाली जात असतील तर तो रोग नाही, ऑक्सिजनची कमी आहे. तुमचे दिवसभर वर असतात म्हणून मला कल्ल्याचा संशय येतोय. तळ्यात पाणी किती फूट आहे आणि मासे अंदाजे किती सोडलेत ते लिहा, गर्दी किती झालीय ते बघू.