वाचकांचे प्रश्न : मुंबईला जाताना ब्लॉक कशाला?

प्रश्न (चोपडा) : आईच्या स्तनातली गाठ इथेच काढली, रिपोर्टात कॅन्सर आला. आता परळच्या टाटाला न्यायचं तर 'ब्लॉक आणि स्लाइड आणा' म्हणतात. रिपोर्ट हातात असताना हे कशाला?

उत्तर : रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरांनी काय पाहिलं त्याचा कागद. पुढचे उपचार ठरवणाऱ्यांना ती वस्तूच बघायची असते. गाठीचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवून ठेवणाऱ्या द्रवात) मुरवून मेणात बसवतात, ती मेणाची वडी म्हणजे ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) काप काचेवर घेऊन रंगवले की स्लाइड. तिथे स्लाइड पुन्हा पाहतात आणि गरज पडली तर ब्लॉकमधून नवे काप काढून ईआर, पीआर (पेशींवर हार्मोनचा परिणाम होतो का, हे सांगणाऱ्या खुणा) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) तपासतात. हार्मोनच्या गोळीचा उपयोग होईल का, हर-टूवरचं इंजेक्शन लागेल का, हे त्यावरून ठरतं.

बिघडतं ते बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या तासात. गाठ सलाइनमध्ये टाकून नातेवाइकांच्या हाती दिली आणि ती संध्याकाळच्या एसटीने जळगावच्या लॅबला गेली, तर पेशी खराब होतात आणि ईआर खोटा निगेटिव्ह, म्हणजे असूनही 'नाही' असा, येऊ शकतो. तासाच्या आत गाठ दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी. द्रव गाठीच्या दहापट आणि मुरण्याची मुदत 6 ते 72 तास. मोठी गाठ मधून चिरलेली असावी, नाहीतर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचतच नाही. बरणी रुंद तोंडाची घ्या. अरुंद बाटलीत मऊ गाठ दाबून आत जाते, पण कडक झाल्यावर बाहेर येत नाही!

लॅबकडे ब्लॉक लेखी अर्ज करून मागा. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टावरचा नंबर तिथेच जुळवून पाहा. घरी येऊन जुळवला तर पुन्हा हेलपाटा. स्लाइड प्लास्टिकच्या खाचांच्या डबीत ठेवा, कागदात गुंडाळू नका. मेण साधारण 55-60 अंशांना वितळतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. म्हणून ब्लॉक हातातल्या पिशवीतच. काम झालं की परत मागून घ्या, आजार उलटला तर तोच कामी येतो.

प्रश्न (शिरपूर) : टाटात शिकाऊ डॉक्टर असतात, पेशंटवर प्रयोग करतात, असं गावात म्हणतात. खरं का?

उत्तर : शिकाऊ असतात, ते खरं. टाटा स्मारक केंद्र होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाशी जोडलेलं आहे. आधी निवासी डॉक्टर तपासतात, निर्णय वरिष्ठांचा. संशोधनात घ्यायचं तर आधी तुमच्या भाषेतला संमतीचा कागद समजावून सांगावा लागतो, आणि नीतिमत्ता समितीची मंजुरीही लागते. अशा चाचणीची नोंद भारतात 15 जून 2009 पासून सक्तीची आहे. नाही म्हटलं किंवा मधूनच बाहेर पडलात, तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत. जास्तीच्या तपासण्यांचा खर्च कोणाचा, हे मात्र सही करण्याआधी विचारा.

आणि दर वेळी नवं, महाग औषधच पारखतात असं नाही. टाटाच्या पुढाकाराने 11 केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे 1600 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात ऑपरेशनच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं. होय, दातवाले डॉक्टर वापरतात तेच. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्या स्त्रिया लिडोकेनच्या गटात 86.6 टक्के होत्या, तर न टोचलेल्या गटात 82.6 टक्के.

प्रश्न (शहादा) : वडिलांच्या तोंडाला कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) द्यायचाय. आधी दात काढा म्हणतात, का?

उत्तर : शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडू शकतं. म्हणून किडके, हलणारे दात आधीच काढतात आणि 10 ते 14 दिवस जखम भरू देतात. चांगले दात काढायचं कारण नाही. तंबाखूची मिश्री त्याच दिवशी बंद. शेकाच्या 30-33 सिटिंग आठवड्याला पाच अशा चालतात, म्हणजे साधारण सहा-साडेसहा आठवडे राहायची सोय पाहा. गिळता येईना म्हणून वजन उतरलं की शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला मास्क सैल पडतो आणि नेम चुकू शकतो, तेव्हा मास्क ढिला वाटला की त्याच दिवशी टेक्निशियनला सांगा.