कातर, कात्री आणि कैची

प्रश्न असा आलाय की आजी ‘कातर’ म्हणायची, आपण ‘कात्री’ म्हणतो आणि हिंदीवाले ‘कैंची’, मग यातला आपला शब्द कुठला, आणि कातरवेळ यातूनच आली का.

कातर आणि कात्री दोन्ही आपलेच. संस्कृतात कर्तरी आणि कर्तरिका, त्याच्या मागे ‘कृत्’ म्हणजे कापणे हा धातू, प्राकृतात ‘र्त’चा ‘त्त’ झाला आणि मराठीत येईपर्यंत कातर, कात्री. त्यामुळे आजीचं अजिबात चुकत नव्हतं. आणि ज्योतिषातला पापकर्तरी योग आठवा, दोन्ही बाजूंना पापग्रह आणि मधे बिचारा एक भाव (म्हणजे कुंडलीतलं घर) किंवा ग्रह, म्हणजे आपण ‘कात्रीत सापडलो’ म्हणतो अगदी तेच! (व्याकरणातला कर्तरी प्रयोग मात्र वेगळा, तो कर्त्यावरून.)

कातरणे हे क्रियापद तर अजून रोजच्या कामात आहे, मेंढ्यांची लोकर कातरतात, पेपरातलं कात्रण काढतात, सुपारी कातरतात. सुपारीची गंमत मला फार आवडते, कारण क्रिया संस्कृतातून आलेली पण हत्यार अडकित्ता, आणि तो शब्द कानडी, तिकडे अडके म्हणजे सुपारी आणि कत्ती म्हणजे सुरी. हत्याराची रचनापण कात्रीपेक्षा वेगळी आहे बघा. कात्रीचा खिळा मधे असतो, पाती एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला. अडकित्त्याचा सांधा अगदी टोकाला, सुपारी सांधा आणि मूठ यांच्या मधे येते, धार एकाच पात्याला, त्यामुळे हाताचा जोर कितीतरी वाढून पोचतो आणि ते टणक खांड फुटतं. साध्या कात्रीने करून बघू नका, सुपारी निसटून उडते.

करंजीची कड कापायचं ते दातेरी चाकाचं कातणंसुद्धा याच घरातलं. सूत कातणे मात्र नाही हां, तिथला ‘कृत्’ गुंडाळणे अर्थाचा दुसरा धातू आहे, दिसायला फक्त सारखा.

कैची तुर्कीतून आलेली. हिंदीने ती कापायच्या हत्याराला ठेवली, मराठीने जास्त करून आकाराला, म्हणजे छपराची कैची, छप्पर पेलणारा तो तिरक्या दांड्यांचा सांगाडा, सुतार आणि गवंडी रोज बोलतात तो शब्द. म्हणून कैची परकी म्हणून हाकलायची काही गरज नाही, तिचं काम वेगळं आहे. टेलरकडे कपडा कापते ती कात्री आणि पत्र्याखाली उभी असते ती कैची, एवढा फरक मी तरी लिहिताना पाळतो.

राहिली कातरवेळ. तिचा बहुधा कापण्याशी संबंध नाही. कातर म्हणजे भ्यालेला, व्याकूळ, हा संस्कृतातला वेगळाच शब्द, ‘कातर आवाज’ म्हणतो त्यातला. ‘दिवस आणि रात्र कातरते ती वेळ’ असं बरेच जण सांगतात, ऐकायला छान वाटतं, पण मला ती व्युत्पत्ती पटत नाही.