कॉफीच्या वाळलेल्या सालींचं येमेनी पेय घरी कसं करतात?

याला येमेनमध्ये किशर म्हणतात, किशर म्हणजेच साल. तिकडे कॉफीची फळं घराच्या गच्चीवर उन्हात वाळवतात, मग भरडून बी वेगळी काढतात आणि उरलेली साल अजिबात फेकत नाहीत. बियांपेक्षा स्वस्त पडते, त्यामुळे साध्या घरांतून कॉफीपेक्षा किशरच जास्त प्यायलं जातं.

आता कृती. चार कप पाण्याला साधारण अर्धी वाटी साली, एक चमचा सुंठ पूड (ही हवीच, आल्याशिवाय किशर नाही), चवीपुरती साखर, आवडत असेल तर दालचिनीचा तुकडा नाहीतर दोन वेलदोडे. सगळं गार पाण्यातच टाका आणि उकळी आली, वर चढायला लागलं की गॅस बारीक करा, खाली बसू द्या, परत मोठा करा, असं तीन-चार वेळा. मग पाचेक मिनिटं झाकून ठेवा, गाळ तळाशी जातो, वरचं अलगद गाळून घ्या. रंग कोऱ्या चहासारखा तांबूस येतो, वास मनुका भिजवल्यासारखा, आणि घशाला आल्याची मस्त ऊब. दूध मात्र घालू नका प्लीज, सगळी फळाची चव मरते.

साली घेताना नीट बघा, हातात घेतल्यावर कडक, चुरचुरीत लागल्या पाहिजेत, कुबट वास किंवा पांढरी बुरशी दिसली तर सरळ टाकून द्या. आणि खाण्यासाठी म्हणून विकलेल्याच घ्या, कुठल्याही मळ्यातल्या उचलू नका, फवारणी सालीवरच बसते ना. कॅफिन यात कॉफीपेक्षा कमी असतं पण असतं, म्हणून झोप न येणाऱ्यांनी रात्री नको.