नेताजी खरंच विमान अपघातात गेले का? मग लोकांना ते पटलं का नाही?

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे. दुसऱ्याचं उत्तर मला आमच्या नागपूरच्या घरातच मिळालं.

जून 1940 मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचं, म्हणजे सुभाषबाबूंच्या पक्षाचं, अधिवेशन इथे नागपुरात भरलं होतं, अध्यक्ष स्वतः सुभाषबाबू. माझे आबाजी तेव्हा सोळा वर्षांचे, गर्दीत उभे राहून भाषण ऐकून आले. 2 जुलैला कलकत्त्यात सुभाषबाबूंना अटक झाली. तुरुंगात उपोषण केलं म्हणून सोडलं, पण घराभोवती पोलीस. जानेवारी 1941 मध्ये त्याच पहाऱ्यातून ते निसटले. पुतण्याने गाडीने गोमोह स्टेशन गाठून दिलं. पुढे पेशावर, काबूल आणि शेवटी बर्लिन.

मार्च 1942 मध्ये बातमी आली, विमान अपघातात बोस ठार. गांधीजींनी त्यांच्या आईला सांत्वनाची तारही केली. आणि ते तर जिवंत! रेडिओवरून स्वतः बोलले.

मग ऑगस्ट 1945 मध्ये पुन्हा तीच बातमी आल्यावर कोण विश्वास ठेवणार? आबाजी म्हणायचे, “बेचाळीस सालीबी तं मेले म्हनून सांगतलं होतं ना? मंग?” भिंतीवरच्या नेताजींच्या फोटोला त्यांनी कधी हार घालू दिला नाही. हार गेलेल्या माणसाला घालतात. 23 जानेवारीला बर्डीच्या मार्केटातून आणलेलं एक फूल फ्रेमवर ठेवायचे, बस.

मी मात्र आझाद हिंद सेनेचे कर्नल हबीबुर रहमान यांचं मानतो. 18 ऑगस्टला तैहोकूला, म्हणजे आजच्या तैपेईला, ते त्याच विमानात होते. विमान उडताच कोसळलं, पेट्रोलने भिजलेले नेताजींचे कपडे पेटले, ते विझवताना रहमान यांचे स्वतःचे हात भाजले. त्याच रात्री लष्करी रुग्णालयात नेताजी गेले. सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या शाहनवाज समिती आणि खोसला आयोगाने हेच मानलं. मुखर्जी आयोगाने 2005 मध्ये अपघाती मृत्यू नाकारला, पण तो निष्कर्ष सरकारने स्वीकारला नाही, आणि मलाही पटत नाही. फैजाबादचे साधू गुमनामी बाबा हेच नेताजी होते, ही गोष्ट तर मला सहनच होत नाही. एवढा झुंजार माणूस स्वतंत्र देशात पडद्याआड लपून राहील?

अस्थी टोकियोच्या रेंकोजी मंदिरात आहेत. त्या भारतात आणाव्यात, असं त्यांची मुलगी अनिता बोस-फाफ सांगत आल्या आहेत. आबाजींचा तो फोटो आता माझ्याकडे आहे, अजूनही बिनहाराचा. अस्थी मायदेशी आल्या, की त्या दिवशी बर्डीहून हार आणून मीच घालीन.