ऑफिसातला मेल सर्व्हर क्लाउडवर नेताना : वाचकांचे प्रश्न

ऑफिसातच मेल सांभाळणाऱ्या एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ या सॉफ्टवेअरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. ज्यांच्याकडे एक्स्चेंज नव्हतंच, तेही आता कोपऱ्यातल्या सर्व्हरकडे संशयाने बघू लागलेत. या वेळचे प्रश्न त्याबद्दलचेच.

भोसरीत आमचं मशीनशॉप आहे. अठरा जणांचे मेल ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर येतात, सगळे आउटलुक वापरतात. व्हेंडर म्हणतो, "आयमॅपने दोन तासांत सगळं नेतो." खरं का?

आधी आउटलुकच्या अकाउंट सेटिंगमध्ये प्रकार बघा : पॉप (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारा) की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारा)? जुन्या ऑफिसांत बहुधा पॉप निघतं. तसं असेल तर सर्व्हरवर फारसं काही नसणार. मेल कॉम्प्युटरवर उतरला की काही दिवसांत सर्व्हरवरून पुसला जातो आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार ज्याच्या-त्याच्या मशीनवर पीएसटी या आउटलुकच्या साठवणीच्या फाइलमध्ये साठतो. तुमचा व्हेंडर सर्व्हरवर जे उरलंय तेवढंच नेणार. दोन तासांत काम होईलही, पण सोमवारी परचेसवाला २०१९ ची ऑर्डर शोधेल तेव्हा ती सापडणार नाही.

म्हणून टेबल-टेबल फिरून यादी करा. डी ड्राइव्हवर 'ओल्ड', 'बॅकअप', 'न्यू बॅकअप' अशा नावांनी ठेवलेल्या पीएसटीही त्यात धरा. आउटलुक पूर्ण बंद करून प्रत्येक फाइलची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. फाइल फुगली असेल (आउटलुक तिला साधारण ५० जीबीपर्यंतच वाढू देतं) किंवा उघडताना अडत असेल, तर आउटलुकसोबतच येणारं स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन चालवा, तेही प्रतीवर.

मग अपलोडचा हिशेब. सगळं मिळून २०० जीबी भरलं आणि लाइनचा अपलोड २० एमबीपीएस असेल, तर कागदावरच बावीस तास होतात. प्रत्यक्षात जास्तच लागतात, कारण क्लाउड कंपन्याही भरण्याच्या वेगावर लगाम ठेवतात. त्यामुळे नवे मेल आधी क्लाउडवर सुरू करा, गेल्या दोन वर्षांचे पहिल्या आठवड्यात चढवा, बाकीचे सवडीने. आणि कॉन्टॅक्ट व कॅलेंडर आयमॅपने जात नाहीत. ते वेगळे काढून घ्या. मालकांचे कॉन्टॅक्ट राहिले, तर बाकीच्या कामाचं कौतुक कोणी करत नाही.

सातपूरला आमची पॅकेजिंगची कंपनी आहे. आमचं डोमेन (मेलमधलं @ नंतरचं नाव) वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने घेतलं होतं. तो आता फोन उचलत नाही. तरी मेल हलवता येईल का?

नाही. मेल कुठे पोचायचा हे डोमेनच्या डीएनएसमधला, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नोंदवहीतला, एमएक्स रेकॉर्ड ठरवतो. तो बदलायची सोय हातात आल्याशिवाय एकाही लायसन्सचे पैसे भरू नका. सगळ्या स्थलांतरात मी याच गोष्टीला पहिलं स्थान देतो.

हूइज या डोमेनची माहिती दाखवणाऱ्या सेवेवर डोमेन टाकून रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) कोण आणि मुदत कधी संपते ते पाहा. मग जुनी बिलं काढा : नूतनीकरणाचे पैसे तुमच्या खात्यातून गेले असतील तर तोच पुरावा. रजिस्ट्रारकडे कंपनीच्या लेटरहेडवर जीएसटी प्रमाणपत्रासह अर्ज करा. त्याआधी त्या मुलाचे काही पैसे थकलेत का, हेही प्रामाणिकपणे तपासा. बऱ्याचदा गाडं तिथेच अडलेलं असतं. डोमेन हातात आल्यावर खातं कंपनीच्या नावे करा, पण त्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. मेल बंद पडला की पासवर्ड बदलण्याची लिंकही त्याच बंद पत्त्यावर जाईल.

आणखी एक. कोणी 'नेमसर्व्हरच (डीएनएसच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलू' म्हणालं तर आधी सगळे जुने रेकॉर्ड उतरवून घ्या. नाहीतर मेल सुरू होतो आणि वेबसाइट झोपते.

म्हापशाजवळ आमचं छोटं हॉटेल आहे. बदल करताना बुकिंगचे मेल हरवले तर?

घाईने केलं नाही तर हरवत नाहीत. समोरच्या सर्व्हरला तुमचा सर्व्हर सापडला नाही तर तो मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो, सहसा काही दिवस. खरा घोळ वेगळा : एमएक्स बदलल्यावर काही मेल नव्या ठिकाणी येतात, काही जुन्या, कारण जुना पत्ता जगभर काही काळ लक्षात ठेवलेला असतो. तो काळ टीटीएल ठरवतो. बदलाच्या एक-दोन दिवस आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणा, सगळे मेलबॉक्स नव्या जागी आधीच तयार ठेवा आणि जुना सर्व्हर पुढचा आठवडाभर चालू ठेवून त्यात पडलेलं उचलत राहा. इतरांना मी शनिवारची संध्याकाळ सुचवतो. हॉटेलची गर्दी शनिवार-रविवारीच, म्हणून तुम्ही मंगळवार धरा.

इचलकरंजीत आमचा कापडाचा व्यापार आहे. मेल क्लाउडवर गेला आणि स्कॅनरवरून मेल जाणं बंद झालं. टॅलीतून पाठवलेली बिलं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडतात.

दोन्ही दुखणी वेगळी आहेत. स्कॅनर साध्या पासवर्डवर लॉगिन करतो आणि ते आता मोठ्या कंपन्या स्वीकारेनाशा झाल्यात. गूगलवर टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) सुरू करून ॲप पासवर्ड (त्या मशीनपुरता वेगळा पासवर्ड) काढा किंवा ऑफिसच्या स्थिर आयपीवरून एसएमटीपी रिले (पासवर्डऐवजी आयपी ओळखून मेल पुढे पाठवणारी सोय) लावा. स्कॅनर फारच जुना असेल तर फोल्डरमध्ये स्कॅन करा. त्याच्यासाठी सुरक्षा सैल करू नका.

स्पॅमसाठी एसपीएफ तपासा, म्हणजे तुमच्या नावे मेल कोणी पाठवायचा याची डीएनएसमधली यादी. एका डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच चालतो. तुमच्याकडे जुन्या सर्व्हरचा एक आणि नव्या सेवेचा दुसरा असे दोन असण्याची दाट शक्यता आहे. मग दोन्ही निकामी. ते एकत्र करा, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) चालू करा आणि डीमार्क (या तपासणीत नापास मेलचं काय करायचं तो नियम) सुरुवातीला फक्त निरीक्षणावर ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबतीत कडक झालेत. टॅली दुसऱ्याच कुठल्या मेल खात्यातून बिलं पाठवत असेल, तर ती क्लाउडच्या खात्यातून पाठवा.

इन्फो, अकाउंट्स, सेल्स धरून आमचे चौदा पत्ते आहेत, माणसं सहा. चौदा लायसन्स घ्यायची का?

सहाच घ्या. मायक्रोसॉफ्टमध्ये ५० जीबीपर्यंतचा शेअर्ड मेलबॉक्स लायसन्सशिवाय मिळतो, गूगलमध्ये ग्रुप किंवा एलियस (त्याच खात्याचा जादा पत्ता) करता येतो. विक्रेता हे आपणहून सांगेलच असं नाही.

जुना सर्व्हर भंगारात कधी द्यायचा? क्लाउडवर गेल्यावर बॅकअपची चिंता संपली ना?

संपली नाही. गूगलमध्ये काढून टाकलेलं खातं २० दिवसांत परत मिळवता येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये ३०. नोकरी सोडलेल्या माणसाचं लायसन्स वाचवायला कोणी खातं उडवलं आणि दोन महिन्यांनी त्यातला करार लागला, तर हात चोळत बसावं लागेल. कंपनी कायद्यात हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात आणि त्यांना आधार देणारी कित्येक कागदपत्रं मेलमध्येच असतात. म्हणून वेगळा बॅकअप ठेवा.

सर्व्हरचं म्हणाल, तर दोन महिने चालू ठेवा आणि लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींची नोंद) बघा. एखादं बायोमेट्रिक मशीन किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर अजून त्याच्यामार्फत मेल पाठवताना सापडेल. तेही नव्या सेवेवर वळवा. लॉग आठवडाभर शांत राहिला की डिस्क काढून पूर्ण पुसून घ्या आणि मगच भंगारवाल्याला बोलवा.